दुपट्याचा घास

काल सकाळी दोरीवरच्या माझ्या पांढऱ्या बनियनवर काळे ठिपके दिसले आणि कळलं, कारखाना सुरू झाला. आमच्या वडगावात हंगाम असाच येतो. चिमणीतनं जळक्या चिपाडाची काजळी उडत येते आणि बरोबर धुतलेल्या कपड्यावर बसते. मळक्यावर बसली तर तिची दखल कोण घेणार. मग एक-दोन दिवसांत मळीचा वास येतो, अर्धा गोड आणि अर्धा कुजका. पाहुणे नाकाला रुमाल लावतात. आम्हाला तो आल्याशिवाय थंडी पडल्यासारखी वाटत नाही. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जातात, वर गाणी फुल आवाजात, मागं पोरं लोंबकळून ऊस उपसतात. आणि भोंगा होतो.

भोंगा मला सहावीपासून काढता येतो. एकदा शाळेच्या मागच्या भिंतीवर बसून असा काढला की आमच्या शेजारच्या शकूकाकूंनी शिफ्ट सुटली समजून भात चढवला, आणि काका यायच्या आत तो गार होऊन त्याचा दगड झाला. काकूंनी मला लाटणं दाखवलं आणि लगेच म्हणाल्या, "आता त्या कंडक्टरचं करून दाखव." मी बारामती-इंदापूर गाडीचा कंडक्टर केला, नाकातनं बोलणारा, 'सुट्टे द्या, सुट्टे नसतील तर खाली उतरा, खाली उतरायचं नसेल तर सुट्टे द्या.' काकू हसून हसून उंबऱ्यावर बसल्या. मग हेडमास्तर केले, मग डेअरीत दुधाला फॅट लावणारा केला, आणि काकू डोळे पुसत म्हणाल्या, "बास कर आता, मुडद्या."

हे 'बास कर आता' मी आयुष्यभर ऐकत आलोय. माझं काम सुरू करायचं, थांबवायचं काम दुसऱ्याचं. नक्कल करणाऱ्याला आपण कुठं थांबायचं हे कळत नाही. समोरच्याला हसू आवरेना झालं की तोच सांगतो.

आता दुसरी खोड सांगतो. मला बाळाची दुपटी शिवायचा नाद आहे.

हसून घ्या. बारामतीत मी कापडाच्या दुकानात आहे, तिथले सगळे हसून झालेत. जेवायच्या सुट्टीत मी डबा लवकर संपवतो आणि पिशवीतनं सुई-दोरा काढतो. काउंटरवरचा म्हणतो, "कितवा महिना लागला रं?" मी पोटावर हात फिरवत आमच्या मोठ्या मालकिणीच्या आवाजात सांगतो, "पाचवा, पण आंबट काय मिळंना ह्या दुकानात." असं चालतं. पण गल्लीत कुणाकडं बाळ झालं की माझं दुपटं जातं, जमलं तर वर टोपरं आणि कुंची. हे सगळं मी आईकडनं शिकलो. लहानपणी हंगामाच्या थंडीत ती दुपारी अंगणात सतरंजी टाकून बसायची, मी दुसऱ्या टोकाला कापड ताणून धरायचो. धरता धरता मीही टाके घालायला लागलो. आई म्हणायची, "टाका तांदळाएवढा पायजे. तुझा हरभऱ्याएवढा पडतोय." दुसरी तक्रार तिनं कधी केली नाही.

दुपट्याला नवं कापड चालत नाही. नव्या कापडात खळ असते, ती टोचते. धुऊन धुऊन ज्याचा जीव गेलाय असं कापड लागतं. आईची साडी, पप्पांचं धोतर, कुणाचा तरी कॉलर झिजलेला सदरा. मला मजा यायची ती याची. ज्याचा तुकडा हातात येईल त्याच्या आवाजात मी बोलायचो. पप्पांचं धोतर आलं की, "मी म्हंतो, पाण्याची पाळी आली तवा तुमी झोपलेला कसं?" साडीचा तुकडा आला की आई स्वतःच म्हणायची, "माझं करू नको." मी करायचोच. शिवून होईस्तोवर त्या दुपट्यात अख्खं घर बडबडून झालेलं असायचं.

आणि शेवटी घास. गोधडी चारी बाजूंनी शिवत आणली आणि शेवटचा कोपरा राहिला की आई त्यात भाकरीचा तुकडा सरकवायची आणि मग तोंड शिवायची. उपाशी गोधडी ऊब देत नाही, म्हणून. दुपट्याला मात्र भाकरी नाही. बाळाला दात कुठं असतात? म्हणून त्याच्या कोपऱ्यात चिमूटभर साखर. पप्पा चिडवायचे, "आमच्या आज्यानं देव सोडलं, उपास सोडलं, कोंबडं-बकरं सोडलं. ह्या बायांनी गोधडीचा घास काय सोडला न्हाय." आई दोरा दातानं तोडत म्हणायची, "देवाला कुठं घालतीया? गोधडीला घालतीया." पप्पा विहारातल्या कार्यक्रमात माइकवर तासभर बोलू शकतात. याच्यावर त्यांना कधी काही सुचलं नाही.

हे सगळं आता आठवायचं कारण एकच. ताई बाळंतपणाला आलीय, सातवा लागलाय, आणि घरात तिच्या बाळासाठी एक चिंधीसुद्धा शिवलेली नाही. आईनं दोन हंगामांपासून सुई हातात धरलेली नाही. पप्पांच्या सदऱ्याचं बटण तुटलं तरी मी लावतो. मी गल्लीभर दुपटी वाटतो, पण हिच्यासाठी कापड कापायला घेतलं की कात्री हातात तशीच राहते. असलं शकुन-अपशकुनाचं काही आमच्या घरात कुणी मानत नाही. मानत नाही म्हणून कुणी बोलतही नाही.

दोन वर्षांमागं, त्या हंगामालाही ताई अशीच आली होती. पहिलटकरीण. सासर डाळजचं, दाजी लोणी देवकरला कंपनीत. आल्या दिवशी ताईनं उजनीच्या पाण्यावरच्या त्या लांब पायांच्या गुलाबी पक्ष्यांचं इतकं वर्णन केलं की मी लगेच एका पायावर उभा राहून तिच्या सासूच्या आवाजात बोलणारा पक्षी करून दाखवला. ताई पोट धरून हसली. "बास कर, आत्ताच व्हईल मला," म्हणाली. आईनं तेव्हा दुपट्यांचा सपाटा लावला होता. अंगणातल्या दोरीवर रोज एक धुतलेलं दुपटं, आणि रोज त्याच्यावर काजळी. आई कारखान्याच्या दिशेनं बघून रोज तेच बोलायची, "मेल्याला दुसरीकडं उडाया जागा न्हाय."

सातवा सरत आला असताना एका दुपारी ताईला कळा सुटल्या. शेजाऱ्याची जीप काढून बारामतीला नेलं. मुलगी झाली. झाली आणि आम्ही बघायच्या आधीच आत नेली.

काचेची पेटी मी आधी कधी बघितली नव्हती. आत माझ्या तळहाताएवढी पोरगी, अंगावर वायरी, तोंडात नळी. छाती अशी हलायची की कबुतराच्या पिल्लाची आठवण यावी. पेटीवर चिठ्ठी होती, तिच्यावर नाव ताईचं. पोरीला नाव कुठं होतं? नाव ठेवायला बारा दिवस लागतात, पाळणा लागतो, घुगऱ्या लागतात.

बाहेर बाकड्यावर आमची वरात. दाजी शिफ्ट संपली की लोणी देवकरहून मोटरसायकलवर यायचे, हेल्मेट मांडीवर घेऊन बसायचे आणि त्याच्या काचेवर नखानं रेघा ओढायचे. बोलायचे एवढंच, "काय म्हणाले?" आणि आम्ही सांगायचो, "बघू म्हणाले." डॉक्टर चांगले होते, सिस्टर चांगल्या होत्या. चिडायलासुद्धा कुणी नव्हतं. आईनं धुऊन, घडी घालून दुपट्यांची पिशवी आणली होती. सिस्टरनं ती दारातनंच परत केली. "मावशी, बाहेरचं कापड बाळाला चालत नाही. इन्फेक्शन होतं." आई म्हणाली, "सिस्टर, धुतल्यालं हाय." सिस्टर म्हणाल्या, "हो मावशी, पण चालत नाही." आईनं पिशवी मांडीवर घेतली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसली. धुतलेलं असूनही चालत नाही, हे तिला पहिल्यांदाच कुणी सांगत होतं.

माझं काम तेव्हा एकच होतं, ताईला हसवणं. वॉर्डात मी तिच्या कॉटवर बसून त्या सिस्टर करायचो. 'एकच जण आत. मोबाईल खिशात. आणि हे कोण, हे कशाला आलेत, यांना बाहेर काढा.' तोंडापुढं मास्क धरल्यासारखा हात. ताई हसायची. टाके ओढले की कळ यायची, तरी हसायची. हसता हसता दाराकडं बघायची, कुणी आतनं बोलवायला आलंय का म्हणून.

एक दिवस त्याच सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, तुम्ही शिवता ना? पेटीवर टाकायला जाड कापड लागतं. उजेडाचा त्रास होतो बाळाला. आमचं एक फाटलंय. वरनंच टाकायचं, आत नाही. गरम पाण्यात धुऊन, इस्त्री करून आणा."

आई अशी उठली की पिशवी खाली पडली.

त्या दिवशी आमच्या घरात सण होता असं म्हटलं तरी चालेल. इतके दिवस कुणाला काही करता येत नव्हतं आणि अचानक काम मिळालं होतं. आईनं ट्रंकेतनं तिची पांढरी साडी काढली, पौर्णिमेला विहारात नेसून जाते ती. वरनं ताईच्या कॉलेजातल्या निळ्या ड्रेसचं कापड, मध्ये पप्पांचं धोतर. पप्पांनी पाणी उकळलं. मी टोक ताणून धरलं आणि सगळ्यांचे आवाज काढले. धोतराचा आवाज पप्पांच्या समोरच काढला आणि तेही हसले. आईनं मला एकदाही 'माझं करू नको' म्हटलं नाही. काजळी नको म्हणून कापड घरातच पंख्याखाली वाळवलं. मी इस्त्री केली. दुसऱ्या दिवशी दुपारी नेऊन दिलं आणि सिस्टरनं ते पेटीवर टाकलं. काच झाकली गेली, एक कडा वर करून आत बघता यायचं. ताई कडा उचलून आत बघायची आणि परत नीट खाली सोडायची, झोपलेल्या माणसाच्या खोलीचा पडदा सोडावा तशी. त्या दोन दिवसांत आम्ही सगळे नीट जेवलो.

तिसऱ्या दिवशी मुंग्या आल्या.

पेटीच्या टेबलाच्या पायावरनं एक रांग, बारीक लाल मुंग्यांची. सिस्टरनी लगेच बघितलं, आत एकही गेली नव्हती. पेटी हलवली, पुसली. आणि मग रांग कुठं चाललीय ते बघत त्या कापडाच्या कोपऱ्यापाशी आल्या. कात्रीनं चार टाके कापले. तळहातावर ओलसर साखर घेऊन बाहेर आल्या, त्यात दोन-तीन मुंग्या फिरत होत्या.

"मावशी, हे तुम्ही घातलं?"

आईनं मान हलवली. धुतलं होतं, उकळलं होतं, इस्त्री केली होती. सगळं झाल्यावर, आमच्या कुणाच्या लक्षात न येता, शेवटचे टाके घालायच्या आधी तिच्या बोटांनी त्यांचं नेहमीचं काम केलं होतं. सिस्टर रागवल्या नाहीत. रागवल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "हे परत घेऊन जा मावशी, आपण दुसरं बघू." घडी घालून, कोपरा आत दुमडून त्यांनी ते आईच्या हातात दिलं. आईनं विचारलं, "मग आता तिला उजेड लागंल का?"

लागला नाही. दुसरं कापड टाकलं त्यांनी. डॉक्टरांनीही पप्पांना बाजूला घेऊन सांगितलं की त्याचा काही त्रास झालेला नाही, बाळाची फुप्फुसंच तयार नाहीत. पप्पांनी आईला सांगितलं. दाजींनी सांगितलं. मीही सांगितलं, माझ्या स्वतःच्या आवाजात. आई सगळ्यांना "व्हय" म्हणाली.

त्याच आठवड्यात एका सकाळी पोरगी गेली.

तिला न्यायला कापड लागलं तेव्हा आमच्याजवळ काही नव्हतं. इतकी दुपटी शिवली होती, आणि सगळी घरी, वडगावात, ट्रंकेत. दवाखान्याच्या हिरव्या कापडात गुंडाळून दाजींनी तिला डाळजला नेलं. पाण्याच्या वरच्या अंगाला त्यांच्या रानाच्या कडेला माती दिली. मी मागं उभा होतो. लांब पाण्यात ते पक्षी चोची खुपसून चरत होते. नक्कल करण्यासारखं त्यांचं चालणं, पण मी नुसता बघत राहिलो.

घरी आल्यावर आईनं सुई-दोऱ्याचा डबा ट्रंकेत टाकला. आम्ही सगळ्यांनी तिला हज्जारदा सांगितलं असेल की साखरेचा काही संबंध नाही. एकेकदा वाटतं, सांगितलं म्हणूनच ते तिच्या मनात जिवंत राहिलं. घरात मुंग्या निघाल्या की आई उठून आत जाते. साखरेचा डबा तिनं वरच्या फळीवर नेऊन ठेवलाय, चहा करताना पप्पांना उतरवून द्यायला सांगते. आणि तो कोपरा कापलेला निळा कपडा ट्रंकेच्या तळाला. टाकून देता येत नव्हता आणि शिवता येत नव्हता.

मी त्या दिवसांत एक आवाज शिकलो, तो अजून कुणाला सांगितलेला नाही. पोरगी रडली नाही कधी. तोंडात नळी असल्यावर रडणं कुठनं येणार? पेटीशेजारी ते यंत्र होतं, तेवढंच बोलायचं. टुक. टुक. टुक. मध्येच एखादं चुकायचं, आमच्या सगळ्यांच्या माना एकदम वर व्हायच्या, आणि परत, टुक. शेवटी ते एकसारखं वाजायला लागलं आणि सिस्टरनी बटण दाबलं. मला आवाज शिकावे लागत नाहीत, ते आपोआप घशात येऊन बसतात. पुढं कधीतरी गाडी चालवताना, दुकानात ठाण गुंडाळताना माझ्या लक्षात यायचं की जीभ टाळ्याला लागून तयार आहे. मी पाणी प्यायचो. दुसरं काहीतरी काढायचो, कंडक्टर नाहीतर भोंगा. लोक हसायचे.

काल माझी सुट्टी होती. काजळी पडलेली बनियन मी परत पिळून दोरीवर टाकत होतो, तेव्हा ताई आतनं आली. काखेत ती निळी घडी. अंगणातल्या सतरंजीवर पाय लांब करून बसली, घडी उलगडून मांडीवर घेतली आणि कोपऱ्यात बोट घालून बघितलं. मी म्हणालो, "ताई, ते कशाला काढलंस?"

"हे असंच पडून हाय दोन वर्षं. उपाशी."

मी बनियन दोरीवर टाकली आणि सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसलो.

"ह्याचं तोंड उघडं ठिवून मी दुसरं शिवायचं व्हय?" ताई म्हणाली. मग घराकडं तोंड करून, "आई, चिमूटभर साखर आण."

आतनं भांड्याचा आवाज होत होता, तो थांबला. पप्पा म्हणाले, "मी देतो काढून," तर ताई म्हणाली, "पप्पा, तुमी न्हाय. आईला आणू द्या." मग स्टूल सरकल्याचा आवाज आला. आई दारात आली ती मूठ मिटून. डब्यातनं चिमूट कुणी मुठीत आणत नाही, पण तिनं आणली होती. हाताला पीठ होतं.

"पल्लवी, नगं बाई. मुंग्या येत्यात."

"यिऊ द्यात. आता काय पेटी हाय का?"

आई खाली बसली. ताईनं कोपरा उघडून धरला, पिशवीचं तोंड धरावं तसा. आईनं मूठ उघडली. अर्धी साखर घामानं हाताला चिकटली होती, ती बोटानं खरवडून खरवडून तिनं आत सोडली. माझ्या पिशवीतली सुई मी ओवून दिली. आईचा पहिला टाका हरभऱ्याएवढा पडला. मी ते बघितलं आणि दुसरीकडं बघायला लागलो.

"पिंट्या," ताई म्हणाली, "ते यंत्र करून दाखव की."

"कसलं यंत्र?"

"तुला येतं. झोपेत करतोस. मागच्या दिवाळीला मी हितं होते तवा ऐकलंय."

मी आईकडं बघितलं. आईची सुई कापडात अर्धी होती. ती वर बघत नव्हती.

"ताई, ते नको गं. भोंगा करू का?"

"माझी पोरगी तेवढंच बोलली," ताई म्हणाली. "मला आता नीट आठवंना झालंय."

मग मी केलं. टुक. टुक. ताईनं डोळे मिटले आणि एक हात पोटावर ठेवला. थोड्या वेळानं म्हणाली, "जरा हळू होतं. एवढं मोठ्यानं न्हवतं." मी हळू केलं. दारात पप्पा येऊन उभे राहिले, आणि परत आत गेले. आईचा टाका बारीक व्हायला लागला. टुक झालं की सुई वर येत होती, टुक झालं की खाली जात होती, तांदळाएवढी, तांदळाएवढी. काजळीचा एक कण येऊन पांढऱ्या अस्तरावर बसला आणि कुणी झटकला नाही.

कोपरा केव्हाच शिवून झाला होता. आई त्याच टाक्यावर परत टाका घालत होती, दोरा तोडत नव्हती. ताईचे डोळे मिटलेलेच होते. मी वाट बघत होतो, कुणीतरी नेहमीसारखं बास कर आता म्हणेल म्हणून. कुणी म्हणेना. आणि ते आपल्या तोंडानं कसं थांबवायचं, हे मला कळेना.